अब्जाधीशाची नाइट शिफ्ट

आमच्या ग्रुपमधला एक जण डब्लिनला चाललाय. सहा महिन्यांचं ऑनसाइट वगैरे नाही, चांगला बाडबिस्तारा गुंडाळून. आता अशा माणसाला फेअरवेलला द्यायचं काय? कॉफी मग बॅगेत फुटतो, शर्ट तिकडच्या थंडीत कामाचा नाही आणि गणपतीची फ्रेम आईनं आधीच भरलेली असते.

या महाशयांच्या ऑफिस डेस्कवर सहा जण राहतात. बॅटमॅन, सुपरमॅन, हल्क, वंडर वूमन, डार्थ व्हेडर आणि तो पांढऱ्या चिलखतातला स्टॉर्मट्रूपर. सगळे बारा इंची. पगारातला बराच भाग त्यांच्यावर गेलाय आणि ते सहाही जण केबिन बॅगेजमधून, म्हणजे साहेबांच्या मांडीवर बसून, जाणार हे आधीच डिक्लेअर झालंय. ‘एवढ्या प्रवासात हे सहा जण करणार काय?’ असं कुणीतरी विचारलं. ‘वाचतील!’ दुसरा म्हणाला. ‘काय वाचतील?’ ‘मिल्स अँड बून!’ सगळे खो खो हसले आणि काम आलं माझ्या गळ्यात. का, तर ‘तू फ्रीलान्स आहेस ना, तुला वेळ असतो.’ (फ्रीलान्सर मंडळींनी इथे एक मिनिट शांतता पाळावी.)

तर या आठवड्याचा उद्योग : खेळण्यांसाठी रोमॅण्टिक कादंबऱ्या. खऱ्या मापात, खोट्या नावाच्या.

आधी माप. बारा इंची बाहुला म्हणजे माणसाचा साधारण एक षष्ठांश. आपली बार्बीही याच मापातली. नेहमीचं छोटं पेपरबॅक जवळपास १८ सेंटिमीटर उंच आणि ११ रुंद असतं. भागा सहानं. उंची ३ सेंटिमीटर, रुंदी १८ मिलिमीटर. म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी कादंबरी. मला वाटलं, सोप्पं आहे. नेटवरून एखादं कव्हर घ्यायचं, नाव बदलायचं, लहान करायचं, प्रिंट. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं फाइल उघडली आणि दयेनं विचारलं, ‘मॅडम, एवढुसं? एन्लार्ज करून देऊ का?’

प्रिंट हातात आल्यावर पोपट. मी मारे तीन ओळींचं पांचट सबटायटल, लेखिकेचं लांबलचक नाव, वर ‘दहा लाख प्रतींची विक्री’ असलं काय काय टाकलेलं. सगळ्याची मिळून एक राखाडी रेघ झाली होती. नायक-नायिका म्हणजे दोन गुलाबी डाग. जोक संपला.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. खरी कव्हरं नीट बघत बसले. आणि खरं सांगते, ज्याला आपण ‘काय ते चीप कव्हर’ म्हणतो त्यामागे सॉलिड डोकं आहे. ती ठरलेली पोझ आहे ना, ती मागे झुकलेली, तो तिच्यावर वाकलेला, तिला नावच आहे : क्लिंच. १९७०-८०च्या दशकांत न्यू यॉर्कच्या स्टुडिओंमध्ये त्यासाठी मॉडेल्स बोलवायचे, भाड्याचे कपडे चढवायचे, केस उडायला पंखा लावायचा, फोटो काढायचे आणि मग चित्रकार त्यावरून चक्क रंगात पेंटिंग करायचा. रॉबर्ट मॅकगिनिस हा त्यातला दादा माणूस. १९६१च्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’चं पोस्टर त्याचं, जेम्स बॉण्डची कित्येक पोस्टर्स त्याची. त्यानं १९८५ साली जोहाना लिंडसेच्या एका कादंबरीसाठी नायक असा काही उघडा रंगवला की कुरकुर झाल्यावर प्रकाशकांनी नेमक्या जागी स्टिकर चिकटवला! ९९व्या वर्षी, २०२५ मध्ये गेला बिचारा.

त्याच लिंडसेबाईंच्या १९८७ सालच्या कादंबरीवर एलेन ड्युइलो नावाच्या चित्रकर्तीनं एक लांब केसांचा इटालियन मॉडेल रंगवला. फाबिओ. पुढे त्याचे केस आणि छाती शेकडो पुस्तकांवर झळकली. (१९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका नव्या रोलर कोस्टरच्या उद्घाटनाला तो पहिल्या रांगेत बसला आणि वाटेत एक पक्षी त्याच्या नाकावर येऊन आदळला. हे कादंबरीत घातलं असतं तर संपादकानं कापलं असतं.) आणि माझं सर्वांत लाडकं म्हणजे क्रिस्टिना डॉडच्या १९९३ सालच्या कादंबरीचं कव्हर. त्यात नायिकेला तीन हात आहेत. खरंच तीन. मोजा. चित्रकार, संपादक, छापखाना, सगळ्यांच्या नजरेतून सुटले. यापुढे आपण काय पॅरडी करणार?

पण फंडा कळला. हे कव्हर दुकानाच्या रॅकवर, पाच फुटांवरून, दोन सेकंदांत ओळखू यावं म्हणून केलेलं असतं. म्हणजे लांबून लहान दिसतानाच ते काम करतं. पोझ, वारा आणि नाव, एवढ्या तीनच गोष्टी. बाकी सगळं मी काढून टाकलं.

मॉडेल्स घरातच होते. रूममेटनं ‘पुसून देतो’ अशी थाप मारून सहाही जण शुक्रवारी माझ्याकडे पोचवले. मागे सूर्यास्ताचं प्रिंटआऊट, बाजूला टेबल लॅम्प, आणि पंख्याऐवजी हेअर ड्रायर. थंड हवेवर हं, नाहीतर वंडर वूमनच्या केसांची वाट लागायची. मोबाइलवर फोटो, वर ऑइल पेंटसारखा दिसणारा फिल्टर. बॅटमॅनचा कापडी केप असा काही फडफडला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

नावं सुचायला मात्र दोन रात्री गेल्या. कारण जोक नुसता ‘सुपरहिरो आणि चुंबन’ असला तर तो पहिल्याच पुस्तकात मरतो. या कादंबऱ्यांचे स्वतःचे ठरलेले साचे असतात आणि गंमत म्हणजे प्रत्येक बाहुला एकेका साच्यात आधीच बसलेला होता. श्रीमंत, एकलकोंडा, कुणाशी न बोलणारा बॉस? बॅटमॅन. म्हणून ‘अब्जाधीशाची नाइट शिफ्ट’. साधी दिसणारी व्यक्ती चष्मा काढते आणि समोरच्याचा श्वास अडकतो? सुपरमॅन. ‘चष्मा काढलास आणि...’ वर्षानुवर्षं दडवलेलं बाळ? डार्थ व्हेडर, दुसरं कोण! ‘दूरच्या ग्रहावरची गोड बातमी’. स्टॉर्मट्रूपरला ‘नेम चुकलेलं प्रेम’ मिळालं. (ज्यांनी ‘स्टार वॉर्स’ पाहिला नाही त्यांच्यासाठी : या पलटणीचा नेम कधीच लागत नाही.) हल्कबाबत तर मला काही करावंच लागलं नाही. फाटका शर्ट, उघडी छाती, अनावर भावना, गडी मुळातच कव्हरवरचा. ‘तो रागावला की’, बस्स. आणि वंडर वूमनच्या कव्हरवर पोझ उलटी. मागे झुकलेला, डोळे मिटलेला, केस उडणारा तो, आणि त्याला एका हातात तोलणारी ती. हे कव्हर पाहून सगळ्या मैत्रिणींना स्वतःसाठी मोठ्या साइजमध्ये हवंय.

करून बघणार असाल तर थोडं अनुभवाचं. फोटो पेपर वापरू नका. कण्यावर दुमडताना त्याचा वरचा थर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. साधा गुळगुळीत १०० जीएसएमचा कागद आणि कलर लेझर प्रिंट. इंकजेटची शाई गोंद लागला की ओघळते. पुढची बाजू, २ मिलिमीटरचा कणा, मागची बाजू, असं एकाच तुकड्यात छापा. एका ए-फोर पानात अशी पंचेचाळीस कव्हरं बसतात, त्यामुळे चुकायला भरपूर वाव. घडी घालायच्या रेषेवर आधी संपलेल्या बॉलपेनचं टोक दाबून फिरवायचं. आत खरी पानं हवी असतील तर झेरॉक्सच्या कागदाचे वीस तुकडे एकावर एक ठेवले की बरोबर २ मिलिमीटर होतात. त्यांच्या एका कडेला फेव्हिकॉल, अगदी पातळ, जास्त झाला तर कव्हरला फुगे येतात. उरलेल्या तीन कडांवर चहाचं पाणी ब्रशनं. हे केल्यावर पुस्तक एकदम लायब्ररीतून आणल्यासारखं दिसतं. बाहुल्याच्या हातात धरवायला निळ्या चिकटमातीचा मोहरीएवढा गोळा पुरतो.

हे असलं रिकामपणाचं काम फक्त आपणच करतो असं वाटत असेल तर थांबा. १८२६ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एका धर्मगुरूनं मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. त्याच्या बहिणींनीही त्यातला एकेक आपला म्हणून पकडला. दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीनं आपल्या शिपायाचं नाव ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मग या शिपायांना वाचायला काहीतरी हवं ना! म्हणून भावंडांनी त्या काळच्या एका गाजलेल्या मासिकाची नक्कल करत हातानं चिमुकली मासिकं काढली. छापील दिसावीत अशी मुंगीएवढी अक्षरं, गोष्टी, कविता, खोट्या जाहिरातीसुद्धा. १८३० सालचा असाच एक अंक, जेमतेम ३५ बाय ६१ मिलिमीटरचा, २०१९ मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना गेला. ती थोरली बहीण म्हणजे शार्लट ब्राँटी. तिनंच पुढे १८४७ मध्ये ‘जेन आयर’ लिहिली. साधी मुलगी, मोठं घर, तिरसट मालक, त्याचं दडवलेलं गुपित... ओळखीचं वाटतंय? तुमच्या आईच्या कपाटातल्या निम्म्या कादंबऱ्या तिथून निघाल्यात.

आणि १९२४ मध्ये पूर्ण झालेलं, आज विंडसर कॅसलमध्ये असलेलं क्वीन मेरीचं बाहुलीघर. त्याच्या लायब्ररीसाठी खुद्द आर्थर कॉनन डॉयलनं स्वतःच्याच शेरलॉक होम्सची टिंगल करणारी छोटीशी गोष्ट लिहून दिली. एक द्वादशांश मापाच्या घरात, मूळ लेखकाच्या हातची पॅरडी. आपण म्हणजे फारच उशिरा आलो.

कपाटावरून आठवलं. आता जरा नको असलेला भाग.

संदर्भाला खरी जुनी मिल्स अँड बून हवी होती, आणि आमच्या घराण्यात ती एकाच ठिकाणी होती. दादरच्या मावशीकडे. मावशी फोर्टातल्या बँकेत होती. जाता-येता लोकलच्या लेडीज डब्यात, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली तिची पुस्तकं. काही सर्क्युलेटिंग लायब्ररीतली, काही फाउंटनच्या फुटपाथवरून आणलेली. तीन खोके भरून. मी रविवारी तिच्याकडे गेले, सहा चिमुकली पुस्तकं टेबलावर मांडली आणि म्हटलं, ‘मावशी, तुझे खोके काढ ना, मला रंग बघायचेत.’

‘ते कधीच रद्दीत गेले.’

‘कधी?’

‘तू नाही का ते कॉलेजचं प्रेझेण्टेशन केलंस? त्यानंतर.’

मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला मी ‘लोकप्रिय साहित्यातली स्त्री’ असल्या काहीतरी विषयावर स्लाइड्स केल्या होत्या. तिच्याचकडून नेलेल्या पुस्तकांची कव्हरं, त्यावर माझ्या चुरचुरीत कॉमेण्ट्स. वर्ग हसून लोळला होता. मला ए मिळाला होता. मग दिवाळीत तेच प्रेझेण्टेशन मी घरी, सगळ्या मावश्या-मामांसमोर पुन्हा करून दाखवलं. तेव्हाही सगळे हसले. मावशीही हसली होती, मला नीट आठवतंय. खोक्यांचं मला माहीतच नव्हतं.

मी ‘सॉरी’ म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं चष्मा लावला आणि ‘अब्जाधीशाची नाइट शिफ्ट’ उचललं. लांब धरलं, जवळ धरलं. मग हल्क. मग वंडर वूमनकडे बराच वेळ बघत बसली आणि फुसकन हसली. आणि मग म्हणाली, ‘पण हे चुकलंय गं.’

‘काय?’

‘मिल्स अँड बूनचा हिरो शर्ट काढून कुठे असायचा? त्याचा सूट असायचा. नाहीतर तो उंच गळ्याचा स्वेटर. हे केस उडणारे, छाती दाखवणारे ते अमेरिकन. ती जाडी पुस्तकं वेगळी. आमची ही एवढीशी, चर्चगेटला चढलं की विरारच्या आत संपणारी. तू दोन्हींची भेळ केलीस.’

बरोबर होतं तिचं. लंडनची कंपनी, १९०८ सालची. कॅनडाच्या हार्लेक्विननं ती १९७१ मध्ये घेतली तरी तिची आपली शिस्त होती. आणि मी तीन आठवडे अभ्यास केला तो सगळा अमेरिकन क्लिंचचा. म्हणजे ए मिळालेल्या प्रेझेण्टेशनमध्येही मला हा फरक कळला नव्हता. तिची पुस्तकं हातात घेऊन मी तासभर बोलले होते आणि एकाही कव्हरकडे नीट पाहिलं नव्हतं. मग दुपारभर ती सांगत होती आणि मी लिहून घेत होते. डॉक्टर-नर्सवाली कशी असायची, ग्रीसच्या बेटावरची कशी, कुठल्या लेखिकेचा हिरो शेवटच्या दहा पानांपर्यंत हसायचा नाही. चहा दोनदा झाला.

फेअरवेल परवा झाली. साहेबांनी डबा उघडला, भिंग मागितलं आणि ‘नेम चुकलेलं प्रेम’ वाचून त्यांचा आवाज बदलला, तो त्यांनी सर्दी म्हणून खपवला. स्टॉर्मट्रूपर डब्लिनला पुस्तकासकट पोचलाय, फोटो आलाय.

मावशीसाठी सातवं पुस्तक चालू आहे. पॅरडी नाही, खरंच असलेलं. नाव तिला आठवत नाही, लेखिकाही नाही. नर्स आहे, निळा कोट, मागे गाडी, आणि डॉक्टर तिच्याकडे न बघता दुसरीकडेच बघतोय. बँकेत लागल्यावर पहिल्या पगारातून घेतलेलं. मी काल तिसरं प्रूफ पाठवलं. तासाभरानं उत्तर आलं, ‘छान. पण गाडी लाल नव्हती. मरून होती.’