पतवहीची किल्ली ऋणकोच्या हाती हवी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली, ती केवळ संतापाच्या भरात नव्हे. आपल्या नावावर त्या कागदांत काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते आणि ते दुरुस्त करून घेण्याची सोयही नव्हती. त्या उठावानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा सरकारला करावा लागला. निरक्षर कुळाचे कर्जखत निबंधकासमोर व्हावे, फेडीची पावती मिळावी, हिशेबाचे खातेपुस्तक कुळाच्या हाती असावे, ही त्यातील तत्त्वे होती. ज्याच्या नावावर कर्ज लिहिले जाते त्याचा त्या लिखाणावर हक्क असतो, एवढे तरी त्या परक्या सरकारने मान्य केले.

ती वही आता संगणकात गेली आहे. २००० साली सिबिल स्थापन झाली. आज तिचे बहुसंख्य भाग अमेरिकेच्या ट्रान्सयुनियन कंपनीकडे आहेत. २००५ च्या कायद्याखाली इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हायमार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. कोणी किती कर्ज घेतले, कोणाचा हप्ता चुकला, याची नोंद या चार ठिकाणी होते आणि त्या नोंदीवरून माणसाची पत ठरते.

बदलापूरजवळच्या सोनिवलीतून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराचा विचार करावा. आधार आणि पॅन कार्डाच्या झेरॉक्स त्याला कंत्राटदाराकडे द्याव्या लागतात, सिमकार्डासाठी द्याव्या लागतात, भाडेकरारासाठी आणि हप्त्यावरच्या मोबाइलसाठीही द्याव्या लागतात. त्या कागदांचे पुढे काय होते, हे त्याला कोणी सांगत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये झटपट कर्ज देणाऱ्या एका ॲपवरून आपल्या पॅन क्रमांकावर न घेतलेली कर्जे नोंदली गेल्याचे अनेकांच्या ध्यानी आले. त्यांत एक नामांकित अभिनेत्रीही होती. नामांकितांची तक्रार वृत्तपत्रांत छापून येते. कामगाराला मात्र ही गोष्ट घरकर्जाचा अर्ज फेटाळला गेल्यावरच कळते.

अमेरिकेत या धोक्यावर एक उपाय आहे. नागरिकाने सांगताच त्याचा पतअहवाल गोठवला जातो. मग तो उघडल्याशिवाय त्याच्या नावावर नवे कर्ज मिळवणे जवळजवळ अशक्य होते. २०१७ मध्ये इक्विफॅक्सकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि त्यानंतरच्या कायद्याने २१ सप्टेंबर २०१८ पासून ही गोठवणी निःशुल्क झाली. दूरध्वनीवरून वा संगणकावरून मागणी केल्यास एका कामकाजी दिवसात अहवाल गोठवावा लागतो आणि तासाभरात पुन्हा उघडून द्यावा लागतो. मात्र तेथे तीन कंपन्यांना तीन वेगळ्या विनंत्या कराव्या लागतात. कोठे गोठवले, कोठे उघडले, याचा हिशेब नागरिकानेच ठेवायचा. एक दार उघडे राहिले तरी चोराला ते पुरते.

आपल्या २००५ च्या कायद्यात गोठवण्याचा हक्कच नाही. जे आहे ते नुकसान झाल्यानंतरचे. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चुकीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बँकेने वा वित्तसंस्थेने अहवाल पाहिला तर तसा संदेशही यावयास हवा. पण तो येतो बँकेत नोंदलेल्या मोबाइल क्रमांकावर, आणि कामगाराचा क्रमांक दर दोन-तीन वर्षांनी बदललेला असतो.

गोठवणीने कर्जवाटप मंदावेल आणि त्याची झळ गरिबालाच बसेल, असा युक्तिवाद वित्तसंस्था करतील. तासाभरात उघडणारे कुलूप प्रामाणिक ऋणकोची वाट अडवीत नाही. त्यामुळे अडतो तो पाच मिनिटांत, तोंडही न पाहता कर्ज देण्याचा धंदा, आणि तोटा झाल्यास त्याची वसुली निरपराधाच्या दारात नेण्याची सोय.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. गोठवण्याचा हक्क २००५ च्या कायद्यात लिहिला जावा. एकच अर्ज चारही कंपन्यांना बंधनकारक असावा. तो मराठीत, कोणत्याही बँकेच्या शाखेत कागदावर देता यावा. गोठवल्याची आणि उघडल्याची तारीखवार पावती मिळावी. १८७९ चे खातेपुस्तक म्हणजे दुसरे काय होते?

तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. चार कंपन्यांचे चार मोफत अहवाल दर तीन महिन्यांनी एक असे मागवले, तर वर्षभर पहारा राहतो. शाखेच्या बैठकीत एक संध्याकाळ यासाठी काढावी, सभासदांचे अहवाल त्यांच्यासमोर वाचून दाखवावेत, अनोळखी कर्ज दिसताच लेखी तक्रार करून तिची तारीख टिपून ठेवावी, कारण ३० दिवसांची मुदत तेथूनच मोजली जाते. झेरॉक्सवर ती कोणत्या कामासाठी व कोणत्या तारखेस दिली हे लिहिण्याची सवय लावावी. सुप्याच्या शेतकऱ्याजवळ वही जाळण्यावाचून मार्ग उरला नव्हता. आजची वही जळत नाही. म्हणूनच ती वाचण्याचा आणि बंद ठेवण्याचा अधिकार संघटित होऊनच मिळवावा लागेल.