मळा कुणाचा, पाहुणे कुणाचे?

नाशिकला 'भारताची वाइन राजधानी' म्हणण्याचा प्रघात आता पक्का झाला आहे. गंगापूर धरणाच्या परिसरात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, पाहुणे चार-पाच वाइनींची चव घेतात, वेलींपुढे छायाचित्रे काढतात आणि परततात. याला ग्रामीण पर्यटन म्हणतात, आणि त्याचे समर्थन नेहमी शेतकऱ्याच्या नावाने होते. माझा आक्षेप या नावाला आहे. या सहलीत बाग दिसते, बागायतदार भेटत नाही.

श्रेय द्यायला हवे तिथे ते दिलेच पाहिजे. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि अबकारी करात सवलत दिली. 2005 मध्ये सुलाने चवगृह उघडले. लोकांनी मळ्यापर्यंत यावे ही कल्पना इथे रुजली ती या धडपडीमुळे. पण पुढे काय झाले? नाशिकच्याच एका कुटुंबाने उभी केलेली यॉर्क वायनरी 2021 मध्ये सुलाच्या मालकीची झाली आणि 2022 च्या डिसेंबरात सुला शेअर बाजारात दाखल झाली. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. मात्र यापुढे या धंद्याला 'शेतकऱ्याचा घरगुती उद्योग' म्हणू नये, एवढीच अपेक्षा.

शेतकरी या साखळीत कुठे उभा आहे, ते त्याच्या फळावरून कळते. खाण्याची द्राक्षे पिकवणाऱ्याला निर्यात, देशी बाजार आणि अगदीच भाव पडला तर बेदाणा, असे दोन-तीन दरवाजे असतात. शिराझ किंवा सोव्हिन्यों ब्लांचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे. ते मंडईत चालत नाहीत. त्यांना गिऱ्हाईक एकच, वायनरी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, अवकाळी पावसाची धास्ती हे सारे बागायतदाराचे. साखर किती भरली हे तपासून माल स्वीकारणे किंवा नाकारणे वायनरीचे. 2008-09 च्या मंदीत वाइनचा खप घसरला तेव्हा करारावर लावलेल्या कित्येक बागांचा माल पडून राहिला आणि अनेकांनी वेली उपटून टाकल्या. नारायणगावची इंडेज कर्जात बुडाली ती याच सुमारास. उद्योग पुढे सावरला. उपटलेली बाग मात्र परत लावायची तर पुन्हा मांडव, पुन्हा कर्ज आणि पहिल्या पिकासाठी काही वर्षे थांबणे आले.

2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय जाहीर झाला आणि मोठे वादळ उठले. सरकार म्हणाले, हे शेतकऱ्याच्या हितासाठी आहे. विरोधकांनी संस्कृतीचा प्रश्न उभा केला. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्ष मूक होते: ज्याची द्राक्षे, त्याला आपली वाइन आपल्या ओसरीवर का विकता येऊ नये?

हा प्रश्न स्वप्नाळू वाटत असेल त्यांनी व्हिएन्नाकडे पाहावे. 1784 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढून द्राक्ष उत्पादकांना स्वतःची वाइन स्वतःच्या घरी विकण्याची मुभा दिली. 'हॉयरिगर' म्हणून ओळखली जाणारी ही घरे आजही चालतात. वाइन विक्रीला असली की दारावर हिरवी डहाळी टांगायची आणि संपली की उतरवायची, अशी जुनी रीत आहे. विकायची ती आपल्याच मळ्यातली. मर्यादा व्यवस्थेतच अंतर्भूत आहे, आणि पाहुण्याला वाइन ओतून देणारा हात छाटणी करणाऱ्या घरातला असतो. 'कौटुंबिक वायनरी' या शब्दाला माझ्या लेखी एवढाच अर्थ आहे.

यावर आक्षेप येतील. लहान शेतकऱ्याला दर्जा राखता येणार नाही, असे म्हटले जाईल. परंतु निर्यातीच्या द्राक्षांसाठी युरोपचे औषध-अंशाचे कडक निकष पाळणाऱ्या नाशिकच्या बागायतदाराला हे सांगणे म्हणजे त्याचा अपमान आहे. शीतकरणाचे आणि प्रयोगशाळेचे काम चार-पाच घरांना मिळून करता येईल. गावात दारू वाढेल, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. म्हणूनच परवाना मर्यादित हवा: स्वतःची द्राक्षे, ठरावीक बाटल्या, ठरावीक महिने. आज परवाना, लेबलनोंदणी आणि शुल्क यांचा व्याप मोठ्या कारखान्याला परवडतो, हजार बाटल्या करणाऱ्या घराला नाही.

हुरड्याला पाहुणे बोलावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिथे यजमान कोण, हे कुणाला विचारावे लागत नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही 2020 पासून कागदावर आहे. द्राक्षाच्या मळ्यात तेवढा यजमान बदलतो. तो का बदलतो, याचे उत्तर शेतकऱ्याचे नाव घेऊन सवलती मागणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी आता द्यावे.