कपडा कातडीला शिवू नका

सांगलीतल्या एका संस्थेने काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मोबाइल अ‍ॅप करून घेतले. साताऱ्याच्या दोन तरुणांनी ते मराठीत बनवले. दिसायला देखणे होते. मग उर्दू शाळांतल्या पालकांसाठी तेच उर्दूतही हवे, अशी मागणी आली. ‘भाषांतर द्या, आठ दिवसांत करतो,’ असे मुले म्हणाली. भाषांतर मीच केले. काम संपायला तीन महिने लागले आणि तोवर अर्जाची मुदत उलटून गेली.

मुले हुशार होती, कष्टाळूही. घोटाळा मांडणीत होता. प्रत्येक बटणाच्या टॅगमध्येच त्याचा मराठी मजकूर, हिरवा रंग, डावीकडचा समास आणि ते दाबल्यावर काय घडावे, हे सगळे कोंबलेले. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे प्रत्येक समास चुकला. नस्तालिक अक्षरे तिरपी खाली उतरतात, त्यांना उंची जास्त लागते. चौकटींची उंची ठरावीक असल्याने अक्षरे कापली गेली. एकेक पडदा उसवून पुन्हा शिवावा लागला.

ही अडचण जुनी आहे आणि तिचे उत्तरही जुनेच. होकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली, १९९६ मध्ये ती वेबचे प्रमाण झाली. मार्कअपने वस्तू काय आहे ते सांगावे, सीएसएसने ती कशी दिसावी ते आणि कोडने ती काय करते ते. मजकूर भाषेच्या वेगळ्या फाइलीत असावा. समास ‘लेफ्ट’ऐवजी ‘स्टार्ट’ असा लिहिला, की भाषेची दिशा एका जागी बदलल्यावर तो आपोआप बाजू बदलतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१२ पासून आहे.

मराठी माणसाने हा धडा एकदा महागात शिकला आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फॉन्ट बदलला की अगम्य चिन्हांचा ढीग होत असे, कारण अक्षर आणि त्याचे रूप एकमेकांत अडकलेले होते. युनिकोडने ते सोडवले.

यावर तरुण मंडळी म्हणतील, रिअ‍ॅक्टमध्ये तर मार्कअप आणि कोड एकाच फाइलीत लिहितात. लिहावे की! एका बटणाचे सगळे एका जागी असणे सोयीचेच आहे. प्रश्न फाइलींचा नसून जबाबदारीचा आहे. त्या बटणाने ‘मुख्य रंग’ एवढेच म्हणावे. तो हिरवा की निळा, हे एकाच ठिकाणी ठरावे. छोट्या अ‍ॅपला एवढा खटाटोप कशाला, असेही कुणी विचारील. पण पहिल्या दिवशी याला दोन-चार दिवस जास्त लागतात, नंतर तीन महिने.

घरात मराठी, मुलांच्या शाळेत उर्दू, अशी आपल्याकडे अनेक कुटुंबे आहेत. दुसरी लिपी त्यांच्यासाठी हौस नाही. म्हणून जमात, ट्रस्ट, पतसंस्था, कुणीही अ‍ॅप करून घेताना पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी समोर करून दाखवायला सांगाव्यात. एका जागचा रंग बदलून सगळे पडदे बदलतात का? भाषा बदलल्यावर दिशा बदलते का? आणि मोबाइलमधली अक्षरे दुप्पट मोठी केली, तर चष्मा लावणाऱ्या आजीला ‘अर्ज पाठवा’ हे बटण सापडते का?