गिरणी कामगारांची घरे: भागीदारी की वाटमारी?



मुंबईतल्या घरांचा प्रश्न सिंधुदुर्गच्या बैठकीत कशाला, असे कोणी विचारील. मालवण, देवगड, कणकवलीतली किती घरे गिरणीच्या मनीऑर्डरीवर शाकारली गेली, ते आठवा. शेती पोट भरू देत नव्हती म्हणून आमचा माणूस लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीत जाऊन राहिला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या. कामगार हटला आणि जमिनीला सोन्याचा भाव आला.

1991 च्या विकास नियंत्रण नियम 58 ने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि मालकाला. 2001 साली नियम फिरवला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. शेडखालची जमीन मालकाकडेच. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला.

घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. 2012 च्या सोडतीत घरे निघाली 6,925. 2020 मध्ये 3,894. मग 2024 मध्ये सरकारने खासगी विकासकांशी भागीदारी केली: 81 हजार घरे, पण कर्जतच्या वाटेवर शेलू आणि वांगणीला. कामगाराने भरायचे साडेनऊ लाख. 2020 मध्ये वडाळा-लोअर परळच्या घरालाही साडेनऊ लाखच होते! वर, घर नाकारील त्याचा हक्क जाईल अशी अट. 9 जुलै 2025 ला कामगार आझाद मैदानावर जमले, तेव्हा कुठे ती अट रद्द करण्याचे जाहीर झाले.

खासगी माणसाने घरे बांधावीत, नफाही घ्यावा. आमची तक्रार नाही. पण भागीदारी कशाला म्हणतात ते आमच्या किनाऱ्यावर येऊन पाहा. रापण ओढली की दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा असतो, आणि हिशेब सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो. गिरणीचा दोर ज्यांनी आयुष्यभर ओढला, त्यांना मात्र वाटणीच्या वेळी किनाऱ्यावर उभेही केले नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. कोणत्या गिरणीची किती जमीन कोणाला गेली, तो हिशेब गिरणीवार जाहीर करा. मुंबईतल्या म्हाडाच्या वाट्यावर आधी कामगारांची घरे बांधा. शेलू-वांगणी ज्याला हवी त्यालाच द्या, आणि त्या जागेच्या भावात द्या.

ज्यांच्या पेटीत गिरणीचे तिकीट, फंडाची पावती, विम्याचे कार्ड असेल, त्यांनी ते घेऊन जिल्हा बैठकीला यावे. कामगार वारला असेल तर वारसांनी यावे. मेहेरबानी कोणाचीच नको; आमचा वाटा आम्हाला मोजून हवा.