न मागतां मिळालेलीं हत्यारें

नवें बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसापुढें घरमालकानें विळी, पाटावरवंटा आणि कंदील आधींच मांडून ठेविले, तर तो बहुधा त्यांचाच उपयोग करीत राहतो. बाजारांत याहून चांगली विळी मिळते कीं काय, या चौकशीच्या भानगडींत तो पडत नाहीं. संगणकाचेंही तसेंच आहे. युनिक्स घराण्यांतील यंत्रणेवर आज्ञा टंकून कामें करून घेण्याचीं लहान लहान साधनें असतात. 'एलएस' फाइलींची यादी दाखवितें, 'सॉर्ट' ओळी क्रमानें लावितें, 'डेट' तारीख सांगतें. आणि आपण टंकलेली ओळ वाचून या साऱ्यांना कामास लावणारा जो मुकादम, त्यास शेल म्हणतात. एकाच नांवाचीं साधनें अनेकांनीं निरनिराळ्या प्रकारें बनविलीं आहेत. त्यांतलीं कोणतीं मांडून ठेवावयाचीं, हें यंत्रणा तयार करणारे ठरवितात, आणि आपण बहुतेक जण तीं कधींच बदलीत नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, ही निवड करितांना जाणत्याच्या हौसेपेक्षां, जो निवड करणारच नाहीं त्याच्या सोयीचा विचार आधीं झाला पाहिजे.

युनिक्सचा पाया १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं घातला. पुढें त्याच्या शाखा इतक्या फुटल्या कीं, एकीकडे चालणारी आज्ञा दुसरीकडे अडूं लागली. तेव्हां १९८८ सालीं पॉझिक्स नांवाचें प्रमाण ठरविण्यांत आलें. तरीही लोक प्रमाणापेक्षां सवयीवरच अधिक चालतात. उबुंटू या लिनक्स यंत्रणेनें २००६ सालीं 'एसएच' या नांवामागें असलेला बॅश हा शेल काढून तेथें डॅश हा हलका शेल बसविला. हेतु हा कीं, यंत्र लवकर सुरू व्हावें. पण ज्यांनीं आज्ञापत्राच्या माथ्यावर 'एसएच' असें लिहून आंत मात्र बॅशच्याच खास लकबी वापरल्या होत्या, त्यांचीं आज्ञापत्रें बंद पडलीं. चूक त्यांची होती हें खरें. ओरड मात्र उबुंटूच्या नांवानें झाली. डेबियननेंही २०११ सालीं तीच वाट धरली. आमच्या मतें तो बदल योग्यच होता. कारण डॅशनें प्रमाण मोडलें नव्हतें, आणि जें आज्ञापत्र अडलें तें बहुधा अडल्याचें दिसत तरी होतें.

ॲपलची गोष्ट निराळी. बॅशची नवी आवृत्ति ज्या परवान्याखालीं निघाली त्याच्या अटी कडक होत्या, म्हणून ती कंपनी कित्येक वर्षें जुनाच बॅश देत राहिली, असा जाणत्यांचा तर्क आहे. अखेर २०१९ सालीं तिनें नव्या खात्यांना झेड-शेल देण्यास आरंभ केला. एवढ्या लहानशा गोष्टींतही वकिलाचा सल्ला लागावा, याचें कित्येकांस नवल वाटेल!

ऑक्टोबर २०२५ मध्यें निघालेल्या उबुंटू २५.१० या आवृत्तींत मात्र पुष्कळच मोठा फेरबदल झाला. ग्नू प्रकल्पाचीं अनेक वर्षें वापरांत असलेलीं मूळ साधनें बाजूस ठेवून, रस्ट या भाषेंत नव्यानें लिहिलेलीं साधनें पुढें मांडण्यांत आलीं. कारण क्षुल्लक नव्हतें. सी भाषेंत स्मृतीच्या हाताळणींत होणाऱ्या कित्येक चुका रस्ट मुळांतच होऊं देत नाहीं. परंतु थोड्याच दिवसांत असें आढळलें कीं, कांहीं यंत्रें नव्या सुधारणांचा शोध आपोआप घेईनाशीं झालीं आहेत. 'डेट' या साधनास 'अमुक फाइल शेवटीं केव्हां बदलली' असें विचारण्याची सोय आहे. नव्या 'डेट'नें तो प्रश्न मुकाट्यानें ऐकून घेतला आणि उत्तर म्हणून चालू घटकेची वेळ सांगितली. साहजिकच यंत्रास वाटे कीं तपासणी आतांच झाली आहे.

ही चूक पुढें दुरुस्त झाली. आमचा आक्षेप चुकीवर नाहीं. चुका जुन्या साधनांतही निघतात. जें साधन 'मला हें येत नाहीं' असें स्पष्ट सांगतें, त्यास मूळ जागीं बसविण्यास हरकत नसावी. पण जें येत नसतांना मान डोलावितें, त्यास बसविण्याची घाई होऊं नये. आणि येथें तर सुरक्षिततेसाठीं केलेल्या बदलानेंच सुरक्षिततेच्या सुधारणा अडविल्या. यावर कोणी म्हणेल कीं, ती आवृत्ति अल्पकाळाची होती आणि परीक्षा अशाच ठिकाणीं व्हावयाची. म्हणणें रास्त आहे. मात्र ती उतरवून घेणाऱ्या प्रत्येकास आपण परीक्षेस बसलों आहों याची जाणीव असते काय?

तरी 'जुनें तेंच राहूं द्या' असेंही आम्ही म्हणत नाहीं, आणि त्याचें कारण आमच्याच भाषेंत आहे. 'शाळा' हा शब्द 'डब्ल्यूसी' या मोजणाऱ्या साधनास द्या. एका रीतीनें तें बारा सांगतें, कारण तितके बाइट भरतात. दुसऱ्या रीतीनें चार सांगतें, कारण तें काना निराळा धरतें. पहिलींतलें मूल मात्र दोन म्हणतें, आणि मुलाचेंच बरोबर आहे! ग्नूचें मूळ 'कट' तर याहून वाईट. पहिलें अक्षर कापून द्या म्हटलें कीं, तें कित्येक वर्षें पहिला बाइटच देत आलें, म्हणजे 'श'चा तिसरा हिस्सा, जो कोणासही वाचतां येत नाहीं. हीं साधनें इंग्रजी लिहिणाऱ्यांनीं इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठीं मांडिलीं. नवीं घडविणाऱ्यांनीं ही उणीव आधीं भरून काढली, तर आम्ही त्यांचें स्वागत करूं.

ज्या विद्यार्थ्याच्या घरीं लिनक्सचें यंत्र असेल त्यानें 'एलएस', मग जागा सोडून '-एल', मग 'बिन' या संचिकेंतील 'एसएच' अशी आज्ञा इंग्रजी लिपींत टंकून पाहावी. बाणापुढें जें नांव उमटेल, तो 'एसएच' या नांवामागचा शेल. डेबियन व उबुंटूवर तेथें बहुधा डॅश हें नांव दिसेल. दुसरें दिसल्यास कोणीतरी निवड केली आहे, असें समजावें.