डासाचं आणि आपलं नातं

जेसल पार्कच्या खाडीकिनारी संध्याकाळी बसलं की डास फोडून काढतात. तरी त्यांच्याशी आपलं नातं आहेच. फळमाशीचं 'टोल' जनुक तिला बुरशीपासून वाचवतं, हे ज्यूल हॉफमन यांच्या गटाने १९९६ साली दाखवलं. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांना त्याचाच भाऊबंद उंदरात जिवाणूंचा सुगावा घेताना सापडला. डासात आहे, माणसातही आहे. २०११ चं नोबेल दोघांना मिळालं.

समान पूर्वज वगळून हे पोरांना कसं समजवायचं? एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढली. त्या सरकारवर एरवी चिडणारे आमचे काही लोक नमाजनंतरच्या गप्पांत म्हणाले, "हे मात्र बरं केलं." मला नाही बरं वाटलं. मुलं आमचीही दहावीत आहेत.