आधी ट्रॅक्टर धुवा

ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग दिसला की आपला हात आधी पान्याकडे जातो. चेंबरचे बोल्ट ओले दिसतात, म्हणजे चेंबरचं पॅकिंग गेलं, असा निकाल लागतो आणि बोल्ट करकचून आवळले जातात. पॅकिंग जुनं असेल तर अशाने उरलंसुरलंही चेपून फाटतं. मुळात चेंबर सगळ्यात खाली. वरून कुठूनही सुटलेलं तेल तिथेच येऊन लोंबणार. त्यात रेडिएटरचा पंखा ते मागे ढकलतो. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला कोपरा शोधायचा.

तो दिसायला इंजिन स्वच्छ हवं. या कामाचा सगळ्यांना कंटाळा, आणि अर्धी दुरुस्ती तीच. गार इंजिनावर डिझेलचा ब्रश फिरवून मळीचा थर काढायचा, चिंधीने पुसायचं, सुकलं की टाल्कम पावडर भुरभुरायची. (आमच्याकडे पावडरचा डबा सारखा का संपतो, हा घरात नाजूक विषय आहे.) मग इंजिन चालू करून गरम होऊ द्यायचं. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

ती टॅपेट कव्हरपासून निघाली तर नशीब चांगलं. बुचाचं पॅकिंग घरी बदलता येतं. जुनं पूर्ण खरवडायचं, आणि पत्र्याच्या कव्हरची कड बोल्टांपाशी आत दबली असेल तर ती ठोकळ्यावर हलके ठोकून सपाट करायची. नाहीतर नवं पॅकिंगही गळणारच.

पण त्याआधी ब्रीदर बघा. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायची वाट ती. तिथे चिखल बसतो, उभ्या ट्रॅक्टरच्या नळीत कधी कुंभारीण माशी घर करते. वाट बुजली की आतला दाब प्रत्येक सांध्यातून तेल ढकलतो. अशा वेळी सील बदलत बसणं म्हणजे कुकरची शिट्टी चोंदलेली असताना झाकणाचं रबर बदलणं. ब्रीदर मोकळा असूनही भकाभक धूर फेकत असेल, तर रिंगा किंवा लायनर झिजलेत. पॅकिंगवर पैसे घालू नका.

क्लच हाउसिंगच्या तळाच्या भोकातून, जिथे स्प्लिट पिन लोंबत असते तिथून, थेंब पडत असेल तर मात्र मी पाना खाली ठेवतो. काळं, पातळ तेल आलं तर क्रँकचं मागचं सील. दाट, उग्र वासाचं आलं तर गिअरबॉक्सच्या बाजूचं. सील स्वस्तच असतं. पण 1917 च्या फोर्डसनपासून रूढ झालेल्या रचनेत ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टांनी जोडलेले, तोच सांगाडा. सीलपर्यंत पोचायला ट्रॅक्टरचे दोन भाग करावे लागतात. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या पिनवर डुलता असल्यामुळे पाचर न मारता इंजिनाचा भाग सुटा केला तर तो कुशीवर येतो. दगडावर दगड रचून करायचं हे काम नव्हे.

आमचा सध्याचा थेंब तिथलाच आहे. क्लच अजून घसरत नाही. म्हणून कांद्याची लागवड उरकेपर्यंत रोज सकाळी ऑइलचं गेज बघायचं, पिन हलती ठेवायची, आणि मिस्त्रींना तारीख आत्ताच सांगून ठेवायची. हंगाम सरला की त्यांच्या अंगणात उभं राहायला जागा नसते.